मरीयेचा राहिलेला हात

चितारीण पहिल्यांदा मठात आली तेव्हा तिला विचारण्यात आलं, "तुला काय येतं?" ती म्हणाली, "चित्रं काढता येतात." समोरच्या वयस्कर सिस्टरने समजूतदारपणे मान हलवली. "ते झालं गं. पण काम काय येतं?"

तरी कला सुटली नाही. मठात दोऱ्याचा तुकडासुद्धा फेकून देत नाहीत, तिथे हातातली कला कोण वाया घालवणार? बादल्यांवर आकडे घालणं, शाळेचे तक्ते रंगवणं, प्लास्टरच्या देवदूताचं नाक उडालं की नवं बसवून त्यावर रंग चढवणं, ही सगळी कामं आपसूक तिच्याकडे आली. चितारीण हे नावही असंच पडलं. तिला ते मनापासून आवडायचं, पण आवडतं असं दाखवलं तर गर्व झाल्यासारखं दिसेल म्हणून ती नाक मुरडायची.

तिचं गूळपीठ जमलं ते स्वयंपाकघरातल्या सिस्टरशी. त्या सिस्टरला सगळ्या पळी म्हणत, कारण ती चॅपलमध्ये आली तरी एखादे वेळी हातात पळी तशीच असायची. घंटा वाजवायचं कामही पळीकडेच होतं. चुलीवरचं दूध आणि मठाची घंटा या दोन्हींवर तिची नजर असे, आणि दोन्हींच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नसे.

या घंटेचा नियम मोठा कडक होता. पहिला टोला पडला की हातातलं काम जिथल्या तिथे सोडायचं. पत्र लिहीत असाल तर शब्द अर्धा सोडायचा, शिवत असाल तर सुई कापडातच राहू द्यायची. घंटा म्हणजे देवाची हाक, आणि देवाला "एवढं टाचून येते" असं सांगायचं नसतं. बाकीच्या जणी अधूनमधून एखादा टाका चोरून घालत. चितारणीने कधी घातला नाही. आज्ञेच्या बाबतीत ती जरा जास्तच शहाणी होती.

मग एका वर्षी मदरनी तिला चॅपलसाठी मोठं चित्र काढायला सांगितलं. पवित्र मरीया, डाव्या हातावर बाळ, उजवा हात बघणाऱ्यापुढे केलेला. दुपारचं जेवण आणि संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा यांच्यामधला वेळ तिला मिळाला. चितारणीचे ते दिवस कसे गेले हे तिला पुढे कधी कुणाला सांगता आलं नाही. प्रार्थनेला गुडघे टेकून जे मिळायचं नाही ते तिला त्या स्टुलावर मिळायचं. याची तिला भीतीही वाटायची, म्हणून पापनिवेदनात तिने ते एकदा फादरना सांगितलं. फादर म्हणाले, "मग स्टुलावर बसा." इतकंच.

चेहरा झाला, बाळ झालं, निळा पदर झाला. उजवा हात मात्र काही केल्या येईना. मातकट रंगातला कच्चा आकार तेवढा होता. हा हात देणारा आहे की मागणारा, हेच तिचं ठरत नव्हतं. आणि एके दिवशी ते एकदम कळलं. बोटं किती मिटायची, तळव्याचा रंग कसा हवा, सगळं स्वच्छ दिसलं. तिने ब्रश भरून मनगटापाशी नेला, आणि घंटा झाली.

ब्रश तिने बरणीत ठेवला.

त्याच संध्याकाळी मदरनी बोलावून सांगितलं की लांबच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सिस्टर आजारी आहेत, सकाळच्या गाडीने निघायचं. "चित्र झालंच ना?" मदरनी सहज विचारलं. मठात कुठल्याही वस्तूला माझं म्हणत नाहीत. चष्मासुद्धा सगळ्यांचा आणि चपलाही सगळ्यांच्या. माझा हात राहिलाय म्हणून थांबू द्या, हे तिच्या जिभेवर आलं आणि स्वार्थ वाटून तिने ते गिळलं. "हो मदर, जवळजवळ," ती म्हणाली. पुढे जन्मभर ती स्वतःच्या त्या "जवळजवळ"वर चिडत राहिली.

लांबच्या शाळेत तिने मुलींना आंबा, घर आणि डोंगरामागचा सूर्य शिकवला. पोरी हुशार होत्या, सूर्याला नाक-डोळे काढायच्या. दिवस बरे जात. पण दुपारच्या त्या वेळेला तिचा जीव कासावीस व्हायचा. ती लोकांचे हात बघत बसायची. कंडक्टरचा तिकीट फाडणारा हात, नर्सचा नाडी धरणारा हात, दाराशी पोराचं नाक पुसणाऱ्या बाईचा हात. एक ना एक दिवस परत जायचं आणि तो हात पुरा करायचा, हा ध्यास तिने कुणाला न सांगता उराशी धरला. एकदा भीत भीत तिने विचारलं होतं, की वार्षिक मौनसाधना जुन्या मठात केली तर चालेल का. त्या शाळेच्या मदर म्हणाल्या, "तिथे डास फार आहेत, सिस्टर." विषय तिथेच संपला.

केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, आणि तेव्हा कुठे निरोप आला. जुन्या मठाचं छप्पर गळलं होतं, चित्रावर डाग पडला होता, कुणी साफ करील का? चितारणीने ब्रश जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळले. बसमध्ये ती सगळी वाट गुडघ्यावर बोट फिरवत होती. हात कसा काढायचा हे तिला अजून जसंच्या तसं दिसत होतं.

पोचल्यावर पाणीही न पिता ती चॅपलमध्ये गेली. डाग पदरावर होता, किरकोळच. तिने उजव्या हाताकडे पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली.

हात पुरा झालेला होता. फुगलेला, गुलाबी, रबरी हातमोज्यासारखा. मनगटापाशी जुना रंग संपून नवा सुरू होत होता, तिथे चक्क रेघ दिसत होती. करंगळी वाकडी. आणि अंगठा उलट्या बाजूला. उजव्या मनगटाला कुणीतरी डावा हात लावून ठेवला होता.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मठाच्या आत्ताच्या मदर वयाने बऱ्याच लहान होत्या. त्यांना तिने शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "हा हात कुणी केला?"

"म्हणजे?" त्या गोंधळल्या. "तुम्हीच ना? आम्हाला तो जरा वेगळा वाटायचा, पण म्हटलं, कलाकारांचं काहीतरी असतं."

इतकी वर्षं लोक तो हात तिचा समजत होते. चितारणीला रडू आवरेना, म्हणून ती डाग बघायच्या निमित्ताने पाठ फिरवून उभी राहिली. "दुरुस्त केला तर चालेल?" तिने विचारलं. "तुमचंच चित्र आहे, सिस्टर," मदर म्हणाल्या. हे वाक्य ऐकायला तिने उभा जन्म घालवला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने स्टूल मांडलं, डाग पुसून काढला आणि हात खरवडायला रंगाची सुरी घेतली. तेवढ्यात मागून चाकांचा आवाज आला. एक मदतनीस मुलगी पळीला चाकांच्या खुर्चीतून घेऊन आली होती. पळी आता अंगाने निम्मी झाली होती आणि तिला ऐकू कमी यायचं. हातात पळी नव्हती, तेवढंच चितारणीला आधी दिसलं.

"आलीस होय," पळी म्हणाली. "किती गं उशीर केलास."

चितारणीने वाकून तिला मिठी मारली. मग हाताकडे बोट दाखवून तिच्या कानाशी मोठ्याने विचारलं, "हे कुणी केलं, माहीत आहे का तुला?"

"मी."

"तू?"

"मग काय करू? तू गेलीस आणि मोठे बिशप येणार म्हणून गडबड उडाली. मदर म्हणाल्या, चित्र अर्धवट आहे, बरं दिसत नाही, उतरवून माळ्यावर टाका. माळ्यावर काय घुशी कमी आहेत? मी म्हटलं, ती येईल ना पुरं करायला. त्या म्हणाल्या, इथून गेलेलं कुणी परत येत नाही." पळीने दम घेतला. "मग तुझा रंगांचा डबा काढला आणि एका दुपारी बसले. मला कुठे काढता येतंय? हा हात धरला समोर, आणि याने काढला."

तिने डावा हात वर केला. करंगळी वाकडी होती. उजव्या हाताने काढायचं, तर समोर धरायला डावाच उरतो. अंगठा उलटा का, हे चितारणीला तेव्हा कळलं, आणि राग धरून ठेवायला तिच्यापाशी काही उरलं नाही.

"वाईट झालाय, मला दिसतंय ना," पळी म्हणाली. "खरवडून टाक तू. बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी मी तुझी जागा धरली होती. आता आलीस, बस."

चितारीण सुरी घेऊन बसून राहिली. तिच्या मनातला हात तिला समोर दिसत होता, बोटाच्या पेरापर्यंत. तो आज काढला नाही तर आता कधीच निघणार नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तो नाही काढला तर मरेपर्यंत दुपारी जीव कासावीस होणार होता, हेही ठाऊक होतं. तिने पळीच्या मांडीवरच्या वाकड्या करंगळीकडे पाहिलं. मग सुरी खाली ठेवली आणि ब्रश घेतला.

हाताला तिने शिवलं नाही. फक्त मनगटावरची ती रेघ घेतली. मनगटाचा जुना रंग आणि हाताचा गुलाबी रंग यांच्या मधली छटा जुळवायला तिला बराच वेळ लागला. मग ती हळूहळू मनगट हातात उतरवू लागली, म्हणजे तो हात त्याच बाईचा वाटावा. पळी शेजारी बसून बघत होती आणि मधूनमधून विनाकारण "हं" म्हणत होती.

ब्रश मनगटाच्या मधोमध असताना घंटा झाली. आता ती विजेवर वाजते, पूर्वीपेक्षा कर्कश. चितारणीचा हात सवयीने वर उचलला गेला.

"का थांबलीस?" पळीने विचारलं.

"घंटा झाली."

"कसली घंटा?" जन्मभर ती वाजवत आलेली पळी म्हणाली. "मला नाही ऐकू आली."

आणि चितारणीने ब्रश परत टेकवला, तो त्या उलट्या अंगठ्याच्या मुळापर्यंत नेला, आणि मगच उचलला.