फुकटचं ताट

धुळ्यात आमच्या शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर दुपारपासून कपाशीच्या वाळल्या काड्या पेटल्या आहेत आणि त्यांच्यावर भरताची वांगी भाजली जाताहेत. हिरवी साल करपताना सुटणारा तो गोडसर, धुरकट वास हिवाळाभर खानदेशातल्या गल्लीबोळांतून हिंडत असतो. मला मात्र तो दरवेळी एकाच अंगणात नेऊन सोडतो. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या जिथून दिसतात, अशा एका छोट्या चर्चचं ते अंगण. नाताळच्या आधीचा रविवार, आणि पाठीवर पदर घट्ट ओढून उभ्या असलेल्या अक्का.

अक्का माझ्या नात्यातल्या नव्हत्या. साक्रीकडच्या एका गावातून आलेल्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. बोलणं शाळेतलं, स्वच्छ. पण मनातून काही उसळलं की ती मराठी गळून पडायची आणि खालची अहिराणी वर यायची. मी तेव्हा नवऱ्याचं घर सोडून, लेकीला घेऊन माहेरी परतले होते. का सोडलं, ते माझ्या दंडावर लिहिलेलं होतं. पण मी बाही लांब ठेवायची आणि कोणाला काही सांगायची नाही. चर्चच्या मंडळीनंही विचारलं नाही. कोणी वाईट बोललं नाही, एवढं खरं. फक्त चर्चच्या रविवारच्या शाळेत मी शिकवायची ती मुलं माझ्याकडून काढून घेतली गेली, प्रकरण निवळेपर्यंत म्हणून, अगदी सौम्य शब्दांत. माणसं सौम्यपणे दूर करतात तेव्हा भांडायलाही जागा उरत नाही. हळूहळू मलाच पटत गेलं की मी दाराजवळच बसावं. प्रभुभोजनाची भाकर फिरायला लागण्याआधी मी लेकीचं बोट धरून बाहेर पडायची.

त्या रविवारी अंगणात प्रीतिभोजन होतं. बायका वांगी सोलत होत्या, पुऱ्या तळल्या जात होत्या. मी पुऱ्यांची परात उचलली, तेवढ्यात मंडळीतले एक वडीलधारे जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले की वाढायला मी नको. तरुण मुली बघताहेत, त्यांच्यापुढे चुकीचा कित्ता नको. मी परात खाली ठेवली. मला रागही आला नाही. हेच मला आज सगळ्यात भयंकर वाटतं.

राग आला तो अक्कांना. त्या चुलीपासून उठून आल्या, परात उचलून परत माझ्या हातात दिली आणि त्या गृहस्थांकडे वळल्या.

"भाऊ, तुम्हाला आत घेतलं तेव्हा तुमचे कोणी कागद तपासले होते का?"

ते काहीतरी बोलू लागले. अक्कांनी ऐकून घेतलं नाही. "आठे बठ्ठा फुकटच उनात, भाऊ," त्या म्हणाल्या. इथे आलेले सगळे फुकटच आले आहेत. आवाज चढला नव्हता. मग त्यांनी मला सांगितलं, "वाढ." मी वाढत गेले. त्या गृहस्थांच्या ताटापाशी आले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही, पण पुरी घेतली.

त्यानंतर दर रविवारी अक्का माझ्या बाकावर, माझ्या आणि दाराच्या मधोमध बसू लागल्या. घरी जाताना रस्ताभर तेच सांगायच्या: ही देवाची कृपा आहे, तू लायक ठरलीस म्हणून तुला बोलावलेलं नाही, तेव्हा नालायक ठरवून तुला कोणी उठवूही शकत नाही. मी एकदा कंटाळून म्हटलं, कळलं हो अक्का, किती वेळा सांगाल? त्यांचं उत्तर असं की कळलेलं टिकत नाही, आंघोळीसारखं आहे ते.

पुढे त्या आजारी पडल्या. मी त्यांच्या घरी गेले तर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. तशाच पडून त्यांनी सांगितलं की त्यांची धाकटी बहीण धर्माबाहेर लग्न करून गेली होती. ती एकदा भेटायला आली तेव्हा मंडळीच्या धाकानं अक्कांनी दार उघडलं नाही. पुढे ती बाळंतपणात गेली. "माझ्यासाठी नाही गं ती कृपा," अक्का म्हणाल्या. "दार लावणारीला कुठलं दार उघडतं?"

मला अंगणात आला नव्हता तो राग त्या खोलीत आला. आजारी माणसावर रागावू नये हे मला कळत होतं, पण मी रागावले. "तुम्हाला पुरत नसेल तर ती मलाही पुरलेली नाही, अक्का. मग इतके रविवार तुम्ही मला खोटं सांगत होता?"

त्या भिंतीकडून माझ्याकडे वळल्या. कोरड्या ओठांनी म्हणाल्या, "फिरी सांग." पुन्हा सांग.

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या विसरल्या होत्या, तेव्हा परत सांगितलं. त्या जाईपर्यंत सांगत राहिले. काही दिवशी त्यांचा चेहरा निवायचा, काही दिवशी नाही.

लोक म्हणतात, तुम्ही ख्रिस्ती माणसं एकाच गोष्टीचा किती घोष लावता. लावतो, आणि मी तर आता मुद्दाम लावते. धाक घालणारी तोंडं जगात पुष्कळ आहेत. त्यातलं एक आपल्याच छातीत बसलेलं असतं, आणि ते एक दिवसही सुट्टी घेत नाही. अक्कांसारखी बाई, जिनं भर पंगतीत एका शब्दानं मला माणसांत आणलं, तीही ते स्वतःला एकटीनं सांगू शकली नाही. कोणालाच ते जमत नसावं. स्वतःच्या तोंडून ऐकलेली क्षमा आपल्याला खरी वाटत नाही. ती दुसऱ्याच्या आवाजातच यावी लागते. वर्षं गेली, ती मंडळी पांगली, मी धुळ्याची झाले. माझी लेक आता नोकरीनिमित्त दूर असते. रविवारी तिचा फोन येतो, इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात आणि ठेवण्याआधी ती दटावल्यासारखं विचारते, "आई, या आठवड्यात स्वतःला काय काय बोललीस?" मी सांगते. मग ती मला अक्कांचं तेच सांगते, आणि मी ऐकून घेते.