तिरकी कामठी

तलावाच्या पाळीवरून नेताना आईची तिरडी कलली आणि आई घसरली. चौघांनी वेळेत धरली म्हणून ती खाली पडली नाही. पण बाबांनी ते पाहिलं. मी तेव्हा आठवीत होतो. तिरडीचे बांबू आमच्या गावात जाळत नाहीत. काठावर टाकून देतात, आणि मग त्यांना कोणी हात लावत नाही.

अड्याळकडच्या आमच्या शाळेत त्याच वर्षी गणिताचे नवे मास्तर आले होते, बाहेरगावचे. आधीचे मास्तर प्रमेय चुकलं की बोटांच्या पेरांवर छडी मारत, रक्त येईपर्यंत. नव्यांनी ती छडी मोडून टाकली आणि आम्हाला पूल बांधायला लावला. दोन बाकांच्या मधे, बांबू फोडून काढलेल्या कामठ्यांचा, विटा पेलेल असा. आमच्या चौकोनी चौकटी विटा ठेवताच कलत आणि कोसळत. ते म्हणाले, "एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी कामठी बांधा. पण आधी लांबी काढा, मग कापा." एक बाजू तीन वीत, दुसरी चार. उत्तर पाच आलं. कामठी नेमकी बसली आणि चौकट हलेना.

पुढे कामठ्या कमी पडल्या, तेव्हा मास्तरांनी तलावाच्या काठावर पडलेला हिरवा बांबू उचलून आणला आणि फोडला. आम्ही तो ओळखला. कोणी बोललं नाही. न बोलण्याची सवय आम्हाला जुन्या छडीने लावली होती.

गावात बातमी पोचली, आणि दुसऱ्या दिवशी बाबा वर्गात शिरले.

"मास्तर, हा बांबू कुठचा?"

"काठावर पडला होता. चांगला दिसला म्हणून..."

"चांगला? माही बायको होती त्याच्यावर!"

बाबांनी पुलाला लाथ घातली. विटा पोरांच्या पायांवर आदळल्या. त्यांतलीच एक उचलून त्यांनी मास्तरांच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत आला. मग कामठी घेऊन ते पाठीवर मारत राहिले. "काहून उचलला? काहून उचलला?" कामठी चिरली तरी हात थांबेना. बाबा मारत होते आणि रडत होते.

मास्तर गळ्यात हात बांधून वरठीच्या स्टेशनावर गेले, ते परत आले नाहीत. शाळेत छडी परत आली.

पुढे बाबा आजारी पडले. बोलणं तुटत होतं, पण एवढं ते पुन्हा पुन्हा म्हणत, "तुह्या आईसारखं मले घसरू देजो नोको."

ते गेले तेव्हा अंगणात तिरडी बांधली. मी ती दोन्ही हातांनी रेटून पाहिली. ती कलली. मी एक कामठी तिरकी लावून सुतळी आवळू लागलो.

"तिरडी अशी नाही बांधत बे," काका खेकसले.

"मंग बाबाले पडू द्याचं का?"

काकांनी दुसरं टोक धरलं. पाळीवर चढ लागला, खांदेकऱ्यांचे पाय घसरले. तिरडी हलली नाही.