सात बटणं

त्या बालवाडीत माणसं दोनच प्रकारची: शिकवणाऱ्या ताई आणि सांभाळणाऱ्या मावशी. ताईंना खुर्ची होती, मावशींना बादली.

एकवीस वर्षांत मावशींनी किती नाकं पुसली ते देवाला ठाऊक. शिकवलं मात्र काही नाही, असं सगळ्यांचं मत होतं. मावशींचंही तेच. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "आज काय केलंस?" की म्हणायच्या, "काय करणार, बटणं लावली."

आणि खरंच लावायच्या. बावीस पोरं, प्रत्येकाच्या एप्रनला सात बटणं. पोरं एका जागी ठरतील तर शपथ, म्हणून मावशी बटणागणिक मोठ्यानं मोजायच्या. सात झाली की पोटावर थाप. "झालं, पळ!"

बालवाडी चालवणाऱ्या मोठ्या बाई हुशार. त्यांनी घड्याळ लावून पाहिलं, तर बटणांत रोज चाळीस मिनिटं जात होती. "हा शिक्षणाचा वेळ आहे हो!" म्हणाल्या, आणि चेनचे एप्रन आणले. सर्रकन ओढलं की काम फत्ते. मावशी सवयीनं म्हणायच्या, "एक! झालं, पळ!" मग मावशी तरी कशाला हव्यात? "पहिल्या तारखेपासून तुम्ही आराम करा," मोठ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या. आराम! जिनं एकवीस वर्षं बूड टेकलं नाही, तिला म्हणे आराम. मावशी "बरं" म्हणाल्या, मोरीत गेल्या आणि नळ मोठा सोडून पोटभर रडल्या.

महिना संपायला तीन दिवस उरले असताना तपासणीच्या बाई आल्या. ताईंनी फळ्यावर दहा फुगे काढले. "चला, मोजा बरं!"

सगळ्यांचे हात पोटाकडे गेले. चेनी खाली आल्या, वर गेल्या. "एक! झालं, पळ!" आणि वर्ग पळाला.

एक मुलगी तेवढी उरली. तिची चेन अडकली होती, म्हणून मावशींनी तिला जुनाच एप्रन घातला होता. तिनं एकेक बटण चाचपत सातपर्यंत मोजलं आणि स्वतःच्या पोटावर थाप मारली. वरचे तीन फुगे तिच्या खिजगणतीतही नव्हते.

"हिला मोजायला कुणी शिकवलं?" तपासणीच्या बाईंनी विचारलं.

मोठ्या बाई ताईंना डोळ्यांनी खुणावत होत्या. ताई फळ्याकडे बघत म्हणाल्या, "मावशींनी."

"आणि तुम्ही?"

"मी फुगे काढले."

दारात फडकं घेऊन उभ्या असलेल्या मावशी घाबरल्या. "अहो, मी कुठली शिकवतेय! मी नुसती बटणं लावते."

तपासणीच्या बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं.

मावशी राहिल्या. मोठ्या बाईंनी जातीनं लक्ष घालून नवे एप्रन शिवून घेतले. प्रत्येकाला दहा बटणं. "अभ्यासक्रमात दहापर्यंत आहे," त्या म्हणाल्या.

मावशी गुडघे धरत पहिल्या पोरापुढे बसल्या. सात झाली, तसं त्यानं स्वतःच पोटावर थाप मारली आणि धूम ठोकली. तीन बटणं उघडीच.

"अरे थांब मेल्या," मावशी ओरडल्या, "तुझं शिक्षण राहिलं!"