पहिला कप चुकणाऱ्याचा

आमच्या बस डेपोच्या दुरुस्ती कारखान्यात फोरमनचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. पाठीमागे सगळे त्यांना कानसेन म्हणत. बसच्या कडेला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "मागचं बेअरिंग गेलंय." खोलून बघावं तर ते गेलेलंच असायचं. त्यांची बायको म्हणायची, "रस्त्यावरच्या बसचं दुखणं यांना घरात बसून ऐकू येतं, शेजारच्या खोलीतून मी मारलेली हाक मात्र येत नाही."

ही विद्या त्यांना कुणी शिकवली नव्हती. ते नवे लागले तेव्हाचे फोरमन म्हणजे जमदग्नीचा अवतार. चूक कबूल केली की अंगावर पाना यायचा. त्यामुळे माणसं चुका झाकायला शिकली आणि बस वाटेत बंद पडायला. कुणी काही सांगेना, म्हणून कानसेनांनी थेट इंजिनांनाच विचारायला सुरुवात केली.

मग बॅटरीवरच्या, बिनआवाजाच्या बस आल्या. सोबत मोठ्या साहेबांचा निरोप आला. जमलं तर ठीक, नाहीतर या बसचं काम बाहेरच्या कंपनीला देऊ आणि तुमची माणसं दुसऱ्या डेपोंत वाटून टाकू. वाटून टाकायला आम्ही काय शेंगदाणे होतो? मी सुट्या भागांच्या काउंटरवर बसते आणि माझी जीभ तिखट म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी मीही एकही टोमणा न मारता मागेल त्याला नट-बोल्ट काढून दिले.

पहिल्याच सकाळी कानसेनांनी सवयीने नव्या बसला कान लावला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मार सेल."

ड्रायव्हरने बटण दाबलं. काहीच आवाज नाही.

"पुन्हा मार."

पुन्हा शांतता.

"अरे, जेवला नाहीस का? नीट दाब."

शेवटी ड्रायव्हर खिडकीतून वाकून अगदी हळू म्हणाला, "दादा, गाडी मघाशीच चालू झाली होती. तुम्ही पुन्हा मार म्हणता आणि मी ती बंद करतो."

सगळ्या कारखान्याने हातातलं काम थांबवलं. जुने फोरमन असते तर ड्रायव्हरची धडगत नव्हती. कानसेन मात्र असे हसत सुटले की चष्मा काढून डोळे पुसायची वेळ आली. तेवढ्यात चहाची किटली आली. पहिला कप फोरमनचा, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. त्यांनी तो उचलला, पण म्हणाले, "हा फोरमन म्हणून नाही, चुकलो म्हणून पितोय. आजपासून जो चुकेल आणि स्वतः येऊन सांगेल, पहिला कप त्याचा. आणि या बसचं काम शिकवायला माणसं येतील तेव्हा पहिल्या बाकावर मी बसणार. मला कळलं नाही तर विचारणार. तुम्हाला हसायचं तर खुशाल हसा."

आम्ही हसलोही. पण कानसेन विचारतात म्हटल्यावर बाकीचेही विचारू लागले. पहिल्या कपासाठी तर चढाओढच लागली. एक पठ्ठ्या न केलेली चूक सांगताना पकडला गेला. एकाची चूक जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांना ठाऊक व्हायची, मग ती दुसऱ्याच्या हातून होत नसे. ज्या बसना आम्ही हात लावायला घाबरत होतो त्या आता रोज धडधाकट बाहेर पडत.

एकट्या आबांना तो कप कधी मिळाला नाही. आबा आमचे सगळ्यात जुने फिटर, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी जुन्या फोरमनचे पाने अंगावर झेलले होते. "माझ्या हातून चूक होत नाही," असं म्हणायचे आणि तळाचा, गाळ आलेला चहा निमूटपणे प्यायचे.

परीक्षेचा दिवस उजाडला. मोठे साहेब बसमधून डोंगराचा चढ चढून परत येणार, मग निकाल. साहेबांनी पायरीवर पाय ठेवला आणि आबा फडक्याला हात पुसत पुढे आले.

"साहेब, थांबा. बॅटरी थंड ठेवणाऱ्या पंपाचा जोड मी बसवलाय. तो बसला की टक वाजतो. वाजला का, ते मला आठवत नाही. माझी चूक झाली."

आता गेलं सगळं, असंच मला वाटलं. कानसेनांनी मात्र साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. "कुठल्या बाजूचा, आबा?" एवढंच विचारून त्यांनी बॅटरीसकट सगळी यंत्रणा बंद करायला लावली, मग बसखाली सरकून कान लावला आणि जोड दाबला.

टक.

मागे उभ्या असलेल्या मलाही तो ऐकू आला. मला इतका आनंद झाला की शेजारच्या ड्रायव्हरच्या पाठीत मी एक धपाटा घातला.

"हे सांगितलं नसतं तर?" साहेबांनी विचारलं.

"चढावर बंद पडली असती," कानसेन कपडे झटकत म्हणाले. "तुम्हाला ढकलावी लागली असती."

साहेब चढ चढून आले. उतरल्यावर त्यांनी बसला एकदा थोपटलं. मग म्हणाले, "तुम्हाला जमणार नाही असं धरून मी बाहेरच्या कंपनीशी बोलणीसुद्धा उरकली होती. चूक झाली. काम इथेच राहील." आणि किटलीकडे बघत हात पुढे केला. "इथे याबद्दल चहा मिळतो म्हणे."

"मिळतो की, साहेब," कानसेन म्हणाले. "पण तुमचा नंबर दुसरा. पहिला आबांचा."

आबांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि फुंकर घालत, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. साहेब किटलीशेजारी उभे राहून वाट बघत होते.