पारावर नसलेली माणसं

बायोप्सीचा रिपोर्ट पुण्याहून आला आणि नगरच्या डॉक्टरांनी ह्यांच्यासमोरच सांगितलं, "फुप्फुसाचा कॅन्सर आहे. विडीनं होतो हा. ऑपरेशनच्या पलीकडे गेलाय." बायोप्सी म्हणजे आतल्या गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात. तोवर ह्यांना क्षयाची इंजेक्शनं चालू होती. आमच्या मिरजगावकडे खोकल्यातून रक्त पडलं की क्षयच, दुसरं काही कुणाला सुचत नाही.

हे म्हणाले, "विडीनं हुतं म्हंता. पर आमच्या पारावरची समदी म्हातारी विडी वढत्यात. त्यास्नी कसं न्हाई झालं?"

मलाही तेच विचारायचं होतं. देवाला नेमकं आमचंच घर दिसलं का, असा संताप आला होता.

डॉक्टर चिडले नाहीत. "विडी ओढणाऱ्या बहुतेकांना हा कॅन्सर होत नाही, खरंय," ते म्हणाले. "पण ज्यांना होतो त्यांच्यात ओढणारेच जास्त. न ओढणाऱ्यापेक्षा ओढणाऱ्याला धोका कितीतरी पट. आणि तुम्ही पारावर बसलेत तेवढेच मोजलेत. जे गेले ते पारावर कसे येतील?"

परतीच्या एसटीत हे एकेक नाव काढत राहिले. कुणी खोकल्यानं गेला होता, कुणी दम्यानं, कुणी नुसता वाळत वाळत. कुणाला काय झालं होतं ते आता कोण सांगणार? पण आम्ही त्यांना कधी मोजणीत धरलंच नव्हतं.

पुढे पुण्याला रेडिएशन झालं, म्हणजे किरणांचा शेक. त्यानं गाठ थोडी दबली, पण घास गिळवेना. व्हरांड्यात नंबर लावून बसलं की शेजारच्या बाकावरची बाईही माझ्यासारखीच डबा तसाच परत नेताना दिसायची.

ह्यांना स्वतःपेक्षा धाकट्या भावाची काळजी. किसन भावजींच्या कानावर कायम विडी खोचलेली. "त्येला सोडाय लाव," एवढंच मला सांगायचे. भावजींनी उशाशी बसून शब्द दिला. त्या वर्षी दुष्काळ होता; त्याच उन्हाळ्यात हे गेले.

त्या डॉक्टरांचे उपकार मी मानते. त्यांनी खोटी आशा लावली नाही आणि आम्हाला अडाणीही म्हटलं नाही. तुमच्या घरात कुणी 'आमच्या आज्याला कुठं काय झालं' म्हणत असेल, तर त्याला गेलेल्यांची नावं विचारा.

तेराव्यानंतर मी टँकरचं पाणी घेऊन पारावरून चालले होते. तिथं बाईमाणूस थांबत नाही. एका म्हाताऱ्यानं भावजींपुढे विडी धरली होती. "घे रं. मी लहानपनापास्नं वढतोय, मला काय झालं?" भावजींचा हात पुढे गेला.

उखाण्याखेरीज मी ह्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. हंडा डोक्यावर तसाच ठेवून मी थांबले.

"आन् महादेवराव?" मी म्हणाले. "त्यास्नी बी धरा की मोजनीत."