तुमच्याच बोटानं डिलीट करा

आगरदांड्याच्या जेट्टीवर एक बाई रिक्षाच्या मागच्या सीटवर प्रिंटर ठेवून प्रिंट काढून देते. तिचं नाव मी विचारलं नाही, कारण त्या दिवशी मी तिला चोरच समजत होतो.

खाडीपलीकडच्या बँकेत अर्ज द्यायचा होता. अर्ज माझ्या मोबाईलमध्ये होता, तो प्रिंटसाठी तिच्या मोबाईलवर पाठवावा लागला आणि फेरीबोट सुटायला दहाच मिनिटं होती. मी निवृत्त मुख्याध्यापक, आवाज अजून वर्गातलाच.

"माझा खाते नंबर, सही, सगळं तुमच्या मोबाईलमध्ये राहणार. त्याचं काय?"

तिनं प्रिंट काढली, पदराला बोटं पुसली आणि मोबाईलच माझ्यापुढे धरला. "तुमच्याच बोटानं डिलीट करा, काका. मागनं शंका नको."

मी फाईल उडवली. डिलीट केलेल्या फायली जिथं जातात तो कप्पाही उघडायला लावला आणि तिथूनही उडवली. वाकडी आलेली एक प्रिंट तिनं बारीक फाडून दाखवली, तर ते तुकडेही मी खिशात घातले. तिनं नुसत्या भुवया उंचावल्या. शेवटी आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन मी धावत बोट गाठली आणि शेजारच्या प्रवाशाला सावधगिरीचा पाठ देऊ लागलो.

तेवढ्यात जेट्टीवरून हाक आली. ती पळत येत होती आणि तिच्या हातात माझं आधार कार्ड होतं. प्रिंटरच्या झाकणाखाली मीच विसरलेलं! जगावर नजर ठेवताना स्वतःवर ठेवायची राहूनच गेली होती.

अख्ख्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं, "ओ काका, मोबाईलमधलं डिलीट केलंत, आता हे पन करू काय?"