पन्हळीपलीकडचा ठिपका

यज्ञेश्वर पोतनीसाचा धंदा चालण्याचा. वाडवडलांनी शिंद्यांच्या सरकारात मांडी घालून लिखापढी केली. ह्याच्या वाट्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी दिवसाकाठी चार-पाच कोस तंगडतोड आली. गळ्यात पाटीसारखं एक यंत्र, कमरेला बॅटरीचा गठ्ठा, डोक्यावर टोपी. उज्जैनच्या घाटांवर फुकटचं वायरलेस नेट देणाऱ्या एका कंपनीकडं तो ठेक्यावर होता. कुठल्या खांबावरचा डबा चालतो, कुठला मेलाय, हे तो चालून सांगायचा. लोक विचारायचे, "भैया, जमीन नाप रहे हो क्या?" हा म्हणायचा, "नाही, हवा."

आणि ते खोटं नव्हतं. यंत्र पावला-पावलाला कान देई. कुठल्या डब्याचा आवाज किती जोराचा आला आणि त्या घडीला आपण पृथ्वीच्या कुठल्या तुकड्यावर उभे होतो, हे वरच्या उपग्रहांना विचारून टिपून ठेवी. आकडे सगळे उणे. उणे नव्वद म्हंजे डबा लई लांब, उणे तीस म्हंजे उशाशी. असे हजार-दोन हजार आकडे जमले की संगणक त्यांचा मध्य काढायचा, जिथं आवाज मोठा तिकडं जास्त झुकायचा, आणि नकाशावर लाल ठिपका ठेवायचा. डबा इथं आहे.

श्रावणात ह्या ठिपक्यानंच त्याचा घात केला.

झालं असं, की राम घाटाच्या वरच्या अंगाला महादेवाचं एक धाकटं देऊळ आहे, त्याच्या आसपास कुणीतरी कंपनीच्याच नावाचं नकली नेट सोडलं. नाव हुबेहूब. यात्रेकरूनं जोडलं की अभिषेकाचं बुकिंग करणारं खोटं पान उघडायचं आणि त्याच्या बँकेच्या खात्याला भोक पडायचं. तक्रारी झाल्या, ठाण्यातल्या साहेबांनी कंपनीला धरलं, कंपनीनं यज्ञेश्वरला जुंपलं. तीन दिवस तो देवळाला घिरट्या घालत होता, तेही अनवाणी, कारण आवारात चपला चालत नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ठिपका पडला. देवळाच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या दुकानावर.

दुकान श्रीनाथ गरुडचं. भैरवगढचं ठशांचं कापड, चादरी, ओढण्या विकायचा. दोघं एका शाळेत, एका बाकावर. यज्ञेश्वरनं ठिपक्याकडं दहा मिनिटं बघितलं आणि कागद पुढं पाठवला. यंत्र खोटं कशाला बोलेल, असं त्याला वाटलं. आणि आपण दोस्ताला झाकलं असं कुणी म्हणू नये, असंही वाटलं. खरं म्हंजे हे दुसरंच जास्त वाटलं.

सकाळी पोलीस श्रीनाथला दुकानातून घेऊन गेले. त्याचा नेटचा डबा पोत्यात घालून नेला.

"अहो, श्रीनाथभाऊजींना उचललं म्हणे," प्रतिभा चहा ठेवता ठेवता नवऱ्याला म्हणाली. "भाजीवाला सांगत होता. सगळ्या बाजारासमोरून पैदल नेलं."

"चौकशी असेल."

"कुणी नाव दिलं?"

यज्ञेश्वरनं कप उचलला आणि खाली ठेवला. प्रतिभानं त्याच्याकडं नीट बघितलं, मग गॅस बंद केला. पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

दहाला तो घाटावर पोचला. सवयीनं यंत्र लावलं. नकली नेट चालू होतं. तेच नाव, डब्याला कारखान्यात मिळतो तो जन्मनंबरही तोच. श्रीनाथचा डबा तिकडं ठाण्यात पोत्यात पडलेला, आणि इथं हवा अजून बोलत होती.

तो तसाच ठाण्यात गेला. साहेब कोर्टाच्या कागदांच्या घाईत होते.

"साहेब, ते बंद नाही झालं. माणूस दुसराच आहे."

"तो दूसरा डब्बा होगा. गिरोह है, पोतनीसजी, ये अकेले का काम नहीं."

"पण ह्याच्या डब्याचा नंबरच वेगळा आहे."

"नंबर बदला जा सकता है, ये आपने ही बताया था. बताया था ना?" साहेबांनी कागद उलटा करून त्याच्यापुढं सरकवला. खाली त्याचीच सही. "चार बजे पेपर कोर्ट जाएंगे. उसके बाद हमारे हाथ में कुछ नहीं. प्रेसवाले भी आ रहे हैं."

आतल्या बाकावर श्रीनाथ बसला होता. हातात पाण्याचा ग्लास, न प्यायलेला. त्यानं मान वर करून बघितलं.

"यगू," तो म्हणाला, "तू यहाँ काय करतोयस?"

नाव कुणी दिलं, हे श्रीनाथला ठाऊक नव्हतं. यज्ञेश्वर "येतो" एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला. बाहेर पडल्यावर त्याला कळलं की टोपी आत राहिली. आणायला गेला नाही.

साडेअकरा वाजले होते. माधव नगरातल्या कंपनीच्या ऑफिसात मधुरा नकाशे बघायची. सव्वीस वर्षांची पोरगी, बापाच्या बँकेतल्या बदलीबरोबर नागपूरहून आलेली, तोंडानं फटकळ. यज्ञेश्वर तिच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिला.

"ठिपका चुकलाय."

"काका, ठिपका चुकत नसतो. माणसं चुकतात."

"मग माणूस चुकलाय. बघ काढून."

तिनं उपग्रहाची चूक तपासली. गल्ली अरुंद, वर आकाशाची नुसती चिंधी, त्यामुळं जागा दहा-बारा हात इकडंतिकडं उडत होती, पण त्यानं दुकान काही बदलत नव्हतं. मग दगडी भिंती आवाज खातात, तो हिशोब घातला. तरी ठिपका दुकानावरच. दोन वाजत आले. यज्ञेश्वरचा गंजीफ्रॉक घामानं पाठीला चिकटला होता आणि एसी तर डोक्यावरच गुरगुरत होता.

शेवटी तिनं ठिपका पुसून टाकला आणि नुसती त्याची चाल ठेवली. तीन दिवसांची पावलं, निळ्या रेघा. देवळाभोवती घोड्याच्या नालासारखा आकार उमटला. पुढच्या दारापासून निघायचा, देऊळ उजव्या हाताला ठेवून मागच्या अंगानं फिरायचा, उत्तरेला पोचायचा आणि तिथून पुन्हा आला तसाच माघारी. तीन दिवसांत सत्तावीस वेळा. सत्तावीसही वेळा एकाच जागेवरून.

"काका, इथं भिंत आहे?"

"कुठं?"

"हे, जिथून तुम्ही वळताय."

यज्ञेश्वर वाकला. 

"भिंत नाही. पन्हळ आहे."

"कसली?"

"पिंडीवरचं पाणी बाहेर जातं ती. महादेवाची पन्हळ ओलांडत नाहीत."

मधुरानं खुर्ची फिरवून त्याच्याकडं बघितलं. मग हळू म्हणाली, "तुम्ही सर्व्हे करत होता का प्रदक्षिणा?"

 त्यानं ठरवून काही केलं नव्हतं. लहानपणी आत्यानं बोट धरून शिकवलेलं, महादेवाला अर्धीच फेरी, पन्हळीशी आलं की मागं फिरायचं. डोळे आकड्यांवर होते आणि पाय आत्याचं ऐकत होते. एरवी पुढच्या दाराकडून उलट्या अंगानं त्या कोपऱ्यात शिरता आलं असतं, पण श्रावणाच्या रांगेसाठी तिथं लोखंडी कठडे ठोकलेले.

"आवाज पन्हळीपाशी सगळ्यात मोठा होता," मधुरा पडद्यावर बोट ठेवून म्हणाली. "उणे बावन्न. वाढतच होता, आणि तुम्ही वळलात. मध्य काढायचा तर तो चाललेल्या जागेतच निघणार ना. जिथं पाऊलच नाही तिथं ठिपका कसा पडेल? तो मागं सरकून दुकानावर येऊन बसला."

यज्ञेश्वर तोवर जिना उतरत होता.

वाटेत गर्दी. रिक्षा चौकात अडकली, तिथून तो पायीच निघाला, नंतर पळाला. सत्तेचाळिसाचा माणूस, गळ्यात यंत्र हिंदकळतंय, बायाबापड्या बाजूला होतायत. डोक्यात एकच चक्र फिरत होतं. डबा आता उचलला असेल तर? बाजारात बातमी फुटलीय, तो माणूस काय देव बघत बसलाय? डबा गेला की पुरावा गेला, मग आपली सही आणि श्रीनाथचं नाव, एवढंच कोर्टात राहील.

देवळाशी आला तेव्हा पावणेतीन झाले होते. यंत्र लावलं. नकली नेट चालू होतं. इतका आनंद त्याला पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

दक्षिण, पश्चिम, उत्तर. पन्हळीशी आला आणि पाय थांबले. दगडी गोमुखातून दूध मिसळलेलं पांढुरकं पाणी पडत होतं आणि वीतभर नाल्यातून खाली नदीकडं चाललं होतं. वीतभर. लेकरानं ओलांडावी एवढी. त्यानं उजवा पाय उचलला आणि पुन्हा खाली टेकला. स्वतःचीच चीड आली.

म्हातारे पुजारी खांबाला टेकून बसले होते.

"आज लौटना नहीं है क्या?"

"महाराज, उधर जाना है."

"तीन दिन से देख रहा हूँ. आते हो, मुंडी हिलाते हो, लौट जाते हो. मैंने सोचा मन्नत होगी कोई." पुजाऱ्यांनी टोपलीतली बेलाची एक काडी उचलली, बूड न हलवता नाल्यावर आडवी टाकली. "लो. ढक गया. अब लाँघो. पूछ लेते तो पहले दिन बता देता."

तो ओलांडून गेला.

पलीकडं उंच धर्मशाळा, तिच्या मागच्या अंगाला अरुंद जिना. उणे अठ्ठेचाळीस. जिन्याच्या पहिल्या पायरीला उणे चव्वेचाळीस. मधल्या मजल्यावर खोलीला कुलूप, उणे एकोणचाळीस. गच्चीवर पाण्याची काळी टाकी, तिच्या बुडाशी काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली वस्तू, बॅटरी जोडलेली, हिरवा दिवा लुकलुकतोय. उणे एकोणतीस. त्याचा हात पुढं गेला, पण त्यानं तो खिशात कोंबला. फोटो काढले, साहेबांना फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "पेपर गाड़ी में रख रहे हैं, जल्दी बोलो."

"गाडी इकडं आणा, साहेब. मी डब्यावर उभा आहे."

खोली भाड्यानं घेणारे दोघं आदल्या दिवशीच पसार झालेले, पण धर्मशाळेच्या वहीत त्यांचे आधारचे कागद होते. साहेबांनी डबा उचलला, तो बंद केला, आणि यज्ञेश्वरच्या यंत्रावरून ते नाव नाहीसं झालं. मग ठाण्यात त्याला नवा कागद लिहायला बसवलं.

"कारण लिखिए. पहले ग़लत क्यों आया."

त्यानं पेनचं टोपण काढलं. मग लिहिलं, देवळाच्या उत्तरेकडची जागा मी मोजली नव्हती, कारण मी पन्हळ ओलांडली नाही. चूक यंत्राची नाही, माझी आहे. साहेबांनी वाचलं. हसतील असं त्याला वाटलं, पण हसले नाहीत. "लांघता तो मैं भी नहीं," म्हणाले, आणि शिक्का मारला.

साडेपाचला श्रीनाथ बाहेर आला. दोघं ठाण्याच्या पायरीवर उभे राहिले.

"तुझी सही बघितली मी," श्रीनाथ म्हणाला. "दुपारी दाखवली त्यांनी."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं. घाटावरून माझ्या दुकानापर्यंत पन्नास पावलं नाहीत. येऊन विचारायचं होतं, श्रीनाथ, तू असं करतोयस का. मी दोन शिव्या दिल्या असत्या, चहा पाजला असता."

यज्ञेश्वरनं गळ्यातलं यंत्र काढून हातात घेतलं.

"माफी वगैरे नको मला. माझ्या ओळीत अकरा दुकानं आहेत. प्रत्येकात जायचं आणि सांगायचं, चूक कुणाची ते. मी नाही येणार संग. मी आलो की लोक तोंडदेखलं बोलतात."

"आत्ता?"

"मग काय सणाला?"

तो गेला. पहिल्या दुकानात भांडीवाल्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, नेट कधी नीट होणार. दुसऱ्यात दोन गिऱ्हाइकं संपेपर्यंत उभं केलं. पाचव्यात हारवाली मीनाताई म्हणाली, "हमको तो पता ही था भैया, श्रीनाथभाऊ असा माणूस नाही." ती श्रीनाथच्या ओढण्या हारांशेजारी विकायला टांगायची. दोरी रिकामी होती. ओढण्या घडी करून खाली खोक्यात घातलेल्या दिसत होत्या. तिनं त्याची नजर बघितली आणि खोकं पायानं आत सारलं.

यज्ञेश्वरनं तिलाही सगळं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा सावकाश, सहीसकट. मग सहाव्या दुकानाची पायरी चढला.